चौदा टोप्या आणि एक गाणं

ममा आकाइतीला एकटीनं जायचं होतं. बास, एवढंच. बाई एकसष्ट वर्षांची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, गुडघे अजून शाबूत, पासपोर्ट कपाटात. मग विमानात बसावं, ऑकलंडला जावं, गाणं ऐकावं आणि परत यावं, यात अडचण ती काय? पण ऐतुताकी बेटावर एकटं निघालेल्या माणसाबद्दल लोक दोनच गोष्टी समजतात. याला कुणी नाही, नाहीतर याच्या डोक्यात काही नाही.

बेटावर नातवंडं झाली की बाईच्या नावाआधी ममा लागतं आणि पुरुषाच्या नावाआधी पापा, आणि ते लागलं की माणूस गावाचा होतो. त्याचं दुखणं गावाचं, त्याचं डुक्कर गावाचं, आणि त्याचं विमानाचं तिकीट तर गावाचंच.

ममा आकाइती रोज सकाळी धक्क्याजवळच्या बाजारात डोनट विकते. नऊ वाजायच्या आत टोपली रिकामी. पण ताउतू गावात तिला मान आहे तो डोनटसाठी नव्हे, आवाजासाठी. चर्चमध्ये गाणं ती उचलते. म्हणजे पहिली ओळ एकटीनं वर ओढायची. मग बाकीच्या बाया त्यावर चढणार, खालून पुरुष हुं हुं करत घुमायला लागणार, आणि खिडक्यांच्या काचा थरथरणार. तिनं उचलल्याशिवाय गाणं नाही, आणि गाण्याशिवाय प्रार्थना नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून ती हे करते आहे. चाळीस वर्षं! बाळंतपणातसुद्धा दोनच रविवार चुकले, तेव्हाही पाद्रीबाई घरी येऊन विचारून गेल्या, "आवाजाला तर काही झालं नाही ना?"

आता अशा बाईला गाणं ऐकायला मिळतं का? तुम्हीच सांगा. तिच्या नवऱ्याकडे, मोकोरोआकडे, वेस हॅलोरनची कॅसेट होती. त्यात ते जहाजवालं गाणं. बाप धक्क्यावर उभा आहे, मुलगा जहाजावर आहे, जहाज लहान होत चाललंय. ममाला त्या गाण्यानं सोळाव्या वर्षापासून वेड लावलेलं. पण मोकोरोआ कॅसेट लावायचा आणि स्वतःच गायचा, तेही अर्धा सूर खाली. तो गायला लागला की शेजारचे कुंपणावरून सूर लावायचे. रेडिओवर लागलं तर दुकानातली गिऱ्हाइकं तीन आवाजांत सुरू. मोकोरोआच्या मयताला तर अख्ख्या गावानं म्हटलं, आणि उचललं कुणी? तिनंच. नवऱ्याची शवपेटी समोर आणि ही सूर देतेय. सांगायचं काय, तर पंचेचाळीस वर्षांत ते गाणं त्या माणसाच्या तोंडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे कुणी तोंड न घालता, तिनं एकदाही ऐकलेलं नव्हतं.

आणि आता हॅलोरन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता आणि सांगत होता की हा शेवटचा दौरा. ऑकलंडच्या भाचीनं, मोएराईनं, तिकीट काढून पाठवलं. खालच्या रांगेतलं, मंचाजवळचं. एकच.

"शनिवारी संध्याकाळी साडेसातला आहे, ममा," फोनवर मोएराई म्हणाली. "तू शांत बसायचंस. कुणी तुला ओळखणार नाही, कुणी गा म्हणणार नाही."

ममानं फोन ठेवला आणि तिला चक्क रडू आलं.

मग ती विमानाचं तिकीट काढायला गेली, आणि तिथंच घोळ झाला. खिडकीवर तिची चुलतबहीण तुआइने. तिनं तारीख ऐकली आणि आवाज बारीक केला. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही."

"मग दवाखाना? गाठ निघाली का?"

"तुझ्या तोंडाला निघो गाठ. गाणं ऐकायला चाललेय. स्टेडियमवर. वेस हॅलोरनचं."

तुआइनेनं पेन खाली ठेवलं. "कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

"एकटी?" तुआइनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगं आकाइती, आम्ही काय मेलो होतो?"

संध्याकाळी सात वाजता गावाच्या हॉलमध्ये सभा भरली. साडेसातला अध्यक्ष ठरला. आठला चिटणीस. नऊ वाजता कापड ठरलं: लाल, त्यावर हाताच्या पंजाएवढी पिवळी जास्वंद. जथा निघणार म्हणजे सगळ्यांचे कपडे एका ताग्यातले हवेत, बायांच्या डोक्यावर माडाच्या कोवळ्या पातीच्या पांढऱ्या टोप्या हव्यात, पुरुषांच्या त्यांच्या त्यांच्या. चौदा माणसं! ममा आकाइती कोपऱ्यात बसून हे ऐकत होती, जशी काही दुसऱ्याच कुणाची वरात निघाली होती.

"पण मला एकटीला..." ती उठून म्हणाली.

"तुला काही करायचं नाही," अध्यक्षांनी हात वर केला. "तू फक्त गाणं उचलायचं."

बघा! म्हणजे ज्याच्यापासून पळायचं तेच गळ्यात.

महिनाभर दर शनिवारी गावात जेवणाची ताटं विकून खर्च उभा केला, आणि त्या ताटांना लागणारे डोनट कुणी तळले हे विचारू नका. मोएराईनं बाकीच्यांसाठी तिकिटं काढली, पार वरच्या मजल्यावरची, छपराखालची. मग चिटणीसांनी तिला परस्पर फोन केला की आमची ममा खाली एकटी बसणार हे बरं दिसत नाही. पोरगी मोठ्यांना नाही कशी म्हणणार? तिनं मंचाजवळची खुर्ची कुण्या सोम्यागोम्याला देऊन वरची घेतली. ममाला हे कळलं तेव्हा ती पीठ मळत होती. तिनं ते असं काही बदडलं की त्या दिवशीचे डोनट दगड झाले. गिऱ्हाइकांनी मुकाट्यानं खाल्ले.

आता हे चिटणीस म्हणजे पापा तेरेपाई. शाळामास्तर. चाळीस वर्षं पृथ्वीचा गोल हातात धरून पोरांना शिकवलं की तारखेची रेघ इथून जाते. आपल्याकडे गुरुवार तेव्हा न्यूझीलंडला शुक्रवार. पोरं मोठी झाली, गोलाचा रंग उडाला, पण पापांची रेघ काही पुसली नाही. त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी विचारतात, "कुठल्या बाजूच्या?"

त्यांनी ऑकलंडच्या आपल्या मंडळींना पत्र लिहिलं. तिथल्या ओतारा उपनगरात बेटाच्या लोकांचा हॉल आहे, जथा तिथं गाद्या टाकून उतरतो, आणि यजमान पहिल्या संध्याकाळी मोठं जेवण घालतात. बेत चोख होता. गुरुवारी निघायचं, तिकडे शुक्रवार लागलेला असणार, शुक्रवारी जेवण, शनिवारी गाणं. पापांनी तसंच लिहिलं: जेवण शुक्रवारी ठेवा. मग पत्र पुन्हा वाचलं. शुक्रवार हा शब्द उघडाबोडका दिसला. चाळीस वर्षांची सवय, हात राहीना. खाली लिहिलं, "तारीख-वार आमच्या बाजूचे, याची कृपया नोंद घ्यावी."

तिकडच्या मंडळींनी नोंद घेतली. आणि एक दिवस वाढवला.

हे कळलं ते हॉलच्या बंद दारापुढे. चौदा माणसं, चौदा टोप्या, मासळीचे आणि अळूच्या कांद्यांचे नऊ थंड डबे, आणि कुलूप. किल्लीवाल्या बाई अर्ध्या तासानं धापा टाकत आल्या, केसांना रंग लावलेला तसाच.

"अहो, तुम्ही उद्या येणार होतात ना! जेवण उद्या आहे. दोन डुकरं सांगितलीत, पाद्री यायचेत, पापा तेओकोताई भाषण करणारेत."

"उद्या म्हणजे शनिवारी?" ममानं विचारलं.

"शनिवारी. चार वाजता."

ममा सावकाश पापा तेरेपाईंकडे वळली. पापा आभाळाकडे बघत होते. बहुतेक रेघ शोधत होते.

"पापा," ती म्हणाली, "मी तुमच्या शाळेत नव्हते, हे माझं नशीब."

"पत्र अचूक होतं," पापा पुटपुटले.

"अचूकच होतं. मूर्खासारखं, पण अचूक."

नाही म्हणायची सोयच नव्हती. डुकरं सांगून झालेली. पाद्री सांगून झालेले. यजमानांनी रांधलं आणि पाहुणे उठून गेले, असं झालं तर पुढच्या तीन पिढ्या ताउतूचं नाव घेताना लोक नाक मुरडतील. तुआइने म्हणाली, चार वाजताचं जेवण, सहाला उरकेल. तुआइने तिकिटं विकते. तिचं विमानही कधी वेळेवर सुटलेलं नाही.

शनिवारी चारला हॉलपुढचा मांडव भरला, पाचला जमिनीतली भट्टी उघडली, आणि जेवण... खोटं कशाला बोला, जेवण उत्तम होतं. नारळाच्या दुधातली कच्ची मासळी, अळूची पानं, बीट घालून गुलाबी केलेलं बटाट्याचं सॅलड, डुकराची साल अशी की दाताखाली कडकन वाजावी. चौदा माणसं आडवा हात मारत होती. ममानं ताटाला हात लावला नव्हता. तिची नजर हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळावर. साडेसहाला निघालं तरच पोचणार. भाषण, मग गाणं, मग प्रार्थना. प्रार्थना होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. हे सगळ्यांना माहीत, मला-तुम्हालाही आता माहीत.

सहा वाजून दहा मिनिटांनी पापा तेओकोताई उभे राहिले. ऐंशीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, गळ्यात फुलांचा हार, हातात काठी. त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली ती पूर्वज रू यांनी होडी बांधायला झाड निवडलं तिथपासून.

ममानं डोळे मिटून घेतले.

सहा वीसला झाड पडलं. सहा पंचविसाला होडी पाण्यात उतरली. मग त्यात रूचे भाऊ बसले, एकेक करून, नावानिशी. मग त्यांच्या बायका. मग वीस तरुण मुली, त्याही नावानिशी, आणि प्रत्येकीपासून आजच्या मांडवातलं कुठलं घर निघालं तेही. लोक खूश होऊन माना डोलवत होते. सहा चाळीसला होडी अजून भर समुद्रात होती आणि वादळ यायचं बाकी होतं.

"मोएराईच्या दोन्ही व्हॅन दारात आहेत," तुआइने कानात कुजबुजली.

"त्या रूला दे एक," ममा दातओठ खात म्हणाली. "लवकर पोचेल मेला."

"जरा धीर धर. वादळ झालं की संपलंच."

"मागच्या ईस्टरला बेटावर आले होते तेव्हा वादळच पाऊण तास चाललं होतं!"

वादळ आलं. पापा तेओकोताईंनी काठी उंच धरली, लाटा दाखवल्या, होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली. सात वाजायला पाच कमी. तिकडे एक म्हातारा माणूस शेवटचं गाणार होता, आणि इकडे एक म्हातारा माणूस थांबायचं नाव घेत नव्हता. आयुष्यभर ती दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत बसली होती, का तर त्यानंतर तिला उचलायचं असतं. बोलणाऱ्याच्या मधे गाणं उचललेलं बेटावर कुणी ऐकलेलं नाही. तोडायला गेलं तर पापा तेओकोताईंचा अपमान, यजमानांचा अपमान, शिवाय रूचाही.

पापांनी श्वास घ्यायला काठी खाली टेकवली.

आणि ममा आकाइती उभी राहिली. तिनं डोकं मागे टाकलं आणि उचललं. कुठलं? समुद्र ओलांडून किनाऱ्याला लागल्याचं, देवाचे आभार मानायचं. मांडवाचं कापड फडफडलं. क्षणभर सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग चाळीस वर्षांची सवय. तुआइने चढली, मागच्या बाया चढल्या, यजमानांच्या बाया चढल्या, खालून पुरुष घुमायला लागले. एकदा घुमायला लागलेले पुरुष कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पापा तेओकोताई हातात काठी, तोंड उघडं, तसेच उभे. आणि दुसऱ्या कडव्याला त्यांच्याही घशातून हुं हुं निघायला लागलं. काय करणार? सूरच तसा.

रू किनाऱ्याला लागला. पाद्रींना वाटलं, ठरलेलंच असेल. त्यांनी हात जोडले, प्रार्थना केली. आमेन म्हणताच ममानं टोपी धरली आणि धावली.

व्हॅन निघाल्या. पापा तेरेपाई म्हणाले, "आकाइती, हे बरं झालं नाही."

"पापा, तुम्ही आणखी एक शब्द बोललात तर तुम्हाला रेघेपलीकडे टाकून येईन. कुठल्या बाजूला, ते तुम्हीच ठरवा."

स्टेडियमला पोचले तेव्हा आतून गाणी ऐकू येत होती. दारावर पहारेकरी. चौदा माणसांच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेली चौदा ताटं, कारण यजमानांनी दिलेलं नाकारायचं नसतं.

"बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही."

"खाणं नाहीये, प्रेम आहे," तुआइने म्हणाली.

पहारेकरी टोंगा बेटाचा होता. त्यानं एक ताट हुंगलं, दोन ताटं ठेवून घेतली आणि बारा तपासलीच नाहीत. मग जिने. वर, आणखी वर, आणखी वर. ममाचे शाबूत गुडघे तिसऱ्या जिन्यापर्यंतच शाबूत होते. खुर्चीवर बसली तर मंच हा एवढासा, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यावर मुंगीएवढा वेस हॅलोरन. बाजूला मोठा पडदा होता म्हणून निदान नाक-डोळे कळले. म्हातारा झाला होता बिचारा.

"ओ, टोप्या काढा की! काही दिसत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

टोप्या मांडीवर आल्या. टोपीतून तुआइनेनं डुकराची साल काढली. कडकन आवाज आला. ममानं नुसतं बघितलं. साल परत टोपीत गेली.

आणि तेवढ्यात तेच. गिटारचे ते चार सूर. जहाजवालं.

ममानं श्वास धरला. पंचेचाळीस वर्षं, चौदा टोप्या, दोन डुकरं आणि एक पूर्वज, या सगळ्यांना पार करून ती इथवर आली होती. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं... आणि अख्खं स्टेडियम गायला लागलं! पन्नास हजार घसे! शेजारची पोरगी, मागचा ओरडणारा, सगळे. त्यात तो म्हातारा हसला, हातातला माइक लोकांच्या दिशेनं धरला आणि स्वतः गप्प बसला.

"अरे तू गा ना मेल्या!" ममा आकाइती ओरडली. तो आवाज काचा हलवणारा. पुढच्या चार रांगा वळल्या. "यांचं ऐकायला आले का मी? हे तर घरीही गातात!"

"ममा, लोक बघतायत," मोएराई तिचा हात ओढत म्हणाली.

"बघू देत!"

धृपद परत आलं, पन्नास हजारांनी परत घेतलं. आता तर तिच्याच तेरा जणांच्या छात्या फुगायला लागल्या होत्या; पापा तेरेपाईंनी खालचा सूर धरायला हनुवटी गळ्यात रुतवली होती. तुआइनेनं तिला कोपरानं ढोसलं. "उचल गं! तू उचललंस तर या सगळ्यांना पुरून उरशील."

ममानं पापांच्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून. आणि उरलेल्यांवर एकच नजर फिरवली, चाळीस वर्षं बेसूर पोरांवर फिरवलेली. लाल कापडातली तेरा तोंडं मिटली.

मग तिसरं कडवं आलं. आणि तिसरं कडवं कुणालाच येत नव्हतं. असंच असतं, लोकांना धृपद येतं. मोकोरोआलाही येत नव्हतं, तो तिथं ला ला ला करायचा. शेजारची पोरगी गप्प झाली. मागचा गप्प झाला. वरपासून खालपर्यंत सगळं स्टेडियम हळूहळू विझलं, आणि म्हाताऱ्यानं माइक स्वतःच्या तोंडाशी नेला. थकलेला आवाज, वरच्या सुरावर जरासा फाटणारा. जहाज दिसेनासं झालंय, बाप अजून धक्क्यावर उभा आहे, आणि त्याला आठवतं की पोराला जेवणाचा डबा द्यायचा राहिलाच. एवढंच कडवं. आठ ओळी.

ममा आकाइती हात मांडीवर ठेवून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"रडतेयस?" तुआइनेनं हळूच विचारलं.

"गप्प बस."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चनंतर सगळे पुन्हा हॉलमध्ये, कालचं उरलेलं डुक्कर गरम केलेलं. ममा आत आली तशी कुजबूज थांबली. यजमानांच्या बायांनी तिला चहा दिला, पण साखर विचारली नाही. ती सरळ पापा तेओकोताईंपुढे जाऊन उभी राहिली.

"पापा, काल मी तुम्हाला मधेच तोडलं."

"तोडलंस," ते म्हणाले. "वादळात."

"मग आता पुढं सांगा."

"सगळं?"

"सगळं. मी बसलेय."

पापा उठून उभे राहिले. मग काठी घेतली, घसा खाकरला आणि म्हणाले, "वादळाला चांगली सुरुवात लागते. आपण झाडापासून घेऊ."

तेरा जणांनी कण्हून घेतलं. पापा तेरेपाई सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून बसले होते, त्यांना तर पळताही येईना. ममानं खुर्ची ओढून घेतली आणि समोर बसली. झाड पडलं, होडी उतरली, भाऊ बसले, वीस मुली आल्या. ममा आकाइतीनं घड्याळाकडे बघितलं नाही. पापा तेओकोताईंचा आवाज वरच्या सुरावर जरासा फाटायचा, हे काल तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सव्वादोन तासांनी रू किनाऱ्याला लागला. पापा खाली बसले. सगळे ममाकडे बघायला लागले. ती अजून ऐकतच होती. चिटणीसांनी खाकरून आठवण केली तेव्हा कुठं तिनं उचललं.